आमची वाटचाल: ओट्यामागची शिंपल्याची भिंत

धुळ्याला देवपुरात आमचं टाइल बसवण्याचं दुकान. सुरुवातीला मी आणि मावसभाऊ, दोघंच. एक कटर, दोन थाप्या आणि वडिलांचा ओळंबा. अमळनेरच्या एका निवृत्त शिक्षिका काकूंनी डॅडोसाठी, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीसाठी, मुंबईहून मदर ऑफ पर्लच्या, म्हणजे चकाकत्या शिंपल्याच्या टाइलच्या शीट आणल्या, तेव्हा त्यांना हो म्हणणारा कारागीर मिळत नव्हता. मी हो म्हटलं.

काम नाजूक. जेमतेम 2 मिलिमीटरचा शिंपला, मागचा रंग पुढे दाखवणारा. राखाडी ॲडेसिव्ह लावलं तर भिंत मळकट दिसते, पांढरंच हवं. दातेरी थापीच्या रेघासुद्धा पुढून दिसतात, म्हणून रेघा ओढल्या की सपाट बाजूने मोडून घ्यायच्या आणि मगच शीट टेकवायची. सांध्यांत भरायचं ग्राउट बिनवाळूचं, नाहीतर चकाकीवर ओरखडे. त्यात आमचा उन्हाळा! पारा 45 ला टेकला की कालवलेला माल घमेल्यातच आळतो. मी पहाटे काम धरायचो आणि एका वेळी दोन शीटपुरतंच लावायचो. चार दिवस लागले. सकाळचं ऊन खिडकीतून आलं की भिंतीवर मोरपिशी आणि गुलाबी झाक सरकायची. काकू चहाचा कप हातात धरून बघत राहिल्या.

पाचव्या दिवशी ओट्याचं ग्रॅनाइट बसवणाऱ्या ठेकेदाराने सिमेंटचे डाग काढायला ॲसिड फिरवलं. खालच्या दोन ओळी खडूसारख्या पांढऱ्या पडल्या. शिंपला म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवराच्याच घराण्यातला. ॲसिड त्याला खातंच. पण त्या गृहस्थाने गावभर सांगितलं, की आमचा मालच प्लॅस्टिकचा. ठरलेल्या दोन बंगल्यांची कामं गेली, घेतलेला ॲडव्हान्स परत करावा लागला, मोटारसायकल विकली. मावसभाऊ त्याच ठेकेदाराकडे कामाला गेला, ते मला अजून बोचतं.

मी काकूंकडे उरलेला तुकडा घेऊन गेलो. ॲसिडची बाटली त्यांच्या ओट्याखालीच पडलेली होती. काकूंनी स्वतः तुकड्यावर थेंब टाकला. फस्सकन फेस आला, पुसलं तर चकाकी गेलेली. त्या म्हणाल्या, "भाऊ, यामा तुनी काय चूक से?" आणि माझ्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला. त्याने आजतागायत कबूल केलेलं नाही.

पुढे कामं मिळत गेली. जळगाव, चोपडा, शिरपूर सगळीकडे आमच्या हातच्या भिंती आहेत.

ज्यांच्याकडे ही टाइल आहे त्यांना एकच सांगतो. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं क्लीनर तिच्याजवळ नेऊ नका. ओला मऊ फडका पुरे. फोडणीचे डाग असतील तर भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी. आणि ग्रॅनाइटवाल्याचं काम आधी उरकून घ्या, मगच डॅडोला हात लावू द्या.

काकूंनी त्या दोन ओळींसाठी शीट पुन्हा मागवल्या. मी मजुरी घेतली नाही. संध्याकाळी धुळ्याला येऊन घमेलं उपडं केलं, तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटा होत्या, आणि वर काकूंच्या वळणदार अक्षरात 'मजुरी' असं लिहिलेलं होतं.