मांजरांचं घरचं जेवण : रस्सा टाकायचा नाही

मागच्या नोंदीनंतर मोठा बदल झालाय तो शिजवण्यात. आता चिकन पातेलंभर पाण्यात उकळत नाही. मांडीचं मांस आणि कोंबडीची हृदयं जेमतेम बुडतील एवढ्याच पाण्यात, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवते आणि सुटलेला रस्सा थेंबही न टाकता खाण्यात कालवते. फ्रीजमध्ये तो थरथरीत घट्ट होतो. चिमी आधी तोच चाटून संपवते, मग मांसाकडे वळते.

हा सगळा खटाटोप टॉरिनसाठी. हे अमिनो आम्ल प्रथिनांत गुंफलेलं नसतं, पेशींत मोकळंच असतं, म्हणून शिजताना पाण्यात उतरतं. पाणी ओतून दिलं की तेही मोरीत गेलं. मांजराचं शरीर टॉरिन फारच थोडं बनवतं, आणि पित्ताम्लांना (चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्तातल्या आम्लांना) जोडायला त्याला टॉरिनच लागतं, दुसरं काही चालत नाही. त्यामुळे टॉरिनचा खर्च रोजचा. 1975 साली टॉरिनच्या कमतरतेने मांजरांचा डोळ्यांतला पडदा खराब होतो हे दिसलं. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय दुबळं झालेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं आणि ते दिल्यावर हृदय सुधारलं. त्यातली बरीच मांजरं बाजारातलं तयार खाणं खात होती! म्हणूनच मी छातीच्या मांसाऐवजी मांडी घेते. गडद मांसात टॉरिन जास्त. वर डॉक्टरांनी ठरवून दिलेली टॉरिनची पूड आणि कॅल्शियम आहेच. नुसत्या मांसावर मांजर ठेवू नका.

दुसरा विषय ग्लुटाथायोनचा. पेशींचं ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारा हा रेणू ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन यांतून बनतो. मांजराला गंधकयुक्त अमिनो आम्लं (सिस्टीन त्यांतलंच) एरवीही जास्त लागतात. त्यात त्याच्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिडीकरणाला बळी पडणारे गंधकाचे गट माणसापेक्षा जास्त, त्यामुळे तांबड्या पेशी पटकन बिघडतात. कांदा-लसूण म्हणूनच विष. आपल्या वाटणाचा चमचा त्यांच्या पातेल्यात जाऊ नये म्हणून पातेलं, डाव, सुरी सगळं वेगळं ठेवलंय. पॅरासिटामॉलही असंच जीवघेणं, आणि त्यावरचा उतारा असलेलं असिटाइलसिस्टीन शरीराला सिस्टीनच पुरवतं. मला ही जोडणी फार सुंदर वाटते.

बांगडा मात्र अधूनमधूनच, तोही शिजवून. तेलकट मासळी रोज दिली आणि ई जीवनसत्त्व अपुरं पडलं तर अंगातली चरबीच सुजते.

भुऱ्याची लव चकचकीत झालीये, पण त्यावरून टॉरिन पुरतंय असं मी म्हणणार नाही. कमतरता दिसायला महिनोन्महिने जातात. रक्तातलं टॉरिन तपासता येईल का हे डॉक्टरांना विचारलंय. पुडीचं प्रमाण तोवर आहे तेच राहील.