पाठीवर पडून लढणारा शार्लिस

ब्राझीलमधल्या आमच्या सांतोस बंदरात खाडी ओलांडायला एकाहून जास्त वाटा आहेत. गाडी घेऊन जायचं असेल तर बाल्सा, म्हणजे मोठा तराफा, आणि नुसतं माणूस म्हणून जायचं असेल तर बाजाराच्या धक्क्यावरून सुटणारी कात्राया. ही कात्राया म्हणजे लाकडी, छप्पर असलेली छोटी मोटरबोट. माणसं मांडीला मांडी लावून बसतात, कोणी भाजीची पिशवी घेऊन, कोणी पायात बंदरावरचे सेफ्टी बूट घालून. जहाजांच्या पोटाखालून जावं तशी ती जाते आणि काही मिनिटांत विसेंची दि कार्व्हाल्युला लागते. जुनी माणसं अजून त्या भागाला इतापेमा म्हणतात. ज्याची ही गोष्ट, तो लढवय्या शार्लिस तिथलाच.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये घडलेला. आता इथे जहाजात भरणाऱ्या साखरेचे नमुने घेतो, वजनं तपासतो. ब्राझीलची साखर सगळ्यात जास्त याच बंदरातून जगभर जाते, त्यामुळे काम दोन्ही काठांवर असतं. कागदोपत्री पलीकडचा काठ ग्वारुजा शहरात येतो. ग्वारुजा म्हटलं की साओ पावलोच्या श्रीमंतांचे समुद्राकाठचे फ्लॅट डोळ्यांसमोर येतात. पण बंदराच्या बाजूचं विसेंची दि कार्व्हाल्यु हे वेगळंच गाव आहे. कंटेनर, ट्रक, सायकली, विटांची अर्धवट घरं आणि त्यात फावेला, म्हणजे आपल्याकडची झोपडपट्टी म्हणा, पण दोन-तीन मजली.

या गावात भिंतीवर पेलेचं चित्र दिसलं तर नवल नाही, पेले सांतोसचाच खेळाडू. पण न्हाव्याच्या दुकानात पोरं केस पिवळे करून घ्यायला रांगेत बसतात ती पेलेमुळे नव्हे. ती शार्लिसमुळे. जगाला माहीत असलेलं नाव चार्ल्स ऑलिव्हेरा. इथे तो ‘शार्लिस दु ब्रॉन्क्स’. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सशी त्याचा काडीचा संबंध नाही. फावेलातून येणाऱ्या पोरांना ‘ब्रॉन्क्सवाले’ म्हणून चिडवायचे, ते त्यानं नाव म्हणून लावून घेतलं.

तर हा शार्लिस मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए लढतो. ठोसे, लाथा, गुडघे, कोपर आणि जमिनीवरची झटापट, सगळं एकाच पिंजऱ्यात. खरं सांगायचं तर इथे येईपर्यंत मला हा प्रकार रानटी वाटायचा. आमच्या घरात कुस्ती होती. वडील गावच्या तालमीत घडलेले, उजवा कान मोडून भजीसारखा झालेला. लाल माती, हलगी, वस्तादाच्या पाया पडून मैदानात उतरणं आणि पाठ टेकली की हात मिळवून बाजूला होणं. पाठ टेकली की संपलं, हा आमच्या घरातला पहिला नियम. शाळेत मार्क कमी पडले तरी वडील “चितपट झालास का?” असंच विचारायचे.

डिसेंबर २०२१. शनिवारची रात्र. कामावरचा एक सहकारी मला त्याच्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये घेऊन गेला. बार म्हणजे शटर अर्धं उघडं, टीव्ही फुटपाथकडे वळवलेला, पिवळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि बाहेर एका बाईंचा कोळशावर मांसाच्या काड्या भाजायचा गाडा. लढत लास वेगासला, समोर अमेरिकेचा डस्टिन पोरियर, आणि शार्लिस नवा विजेता म्हणून पहिल्यांदा पट्टा राखायला उतरलेला. इथे घड्याळात अडीच वाजून गेलेले. एवढ्या रात्री गल्लीतली आज्याही जागी. शेजारच्या पोरानं मला “चिऊ, बस ना” म्हणून खुर्ची दिली. इथे काकाला ‘चिऊ’ म्हणतात. मी पन्नाशीत आल्यावर कोणी मला चिऊ म्हणेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्याच फेरीत पोरियरचा ठोसा बसला आणि शार्लिस खाली गेला. माझ्या तोंडून गेलंच, “गेला!” मराठीतच. शेजारी कोणी वळूनही पाहिलं नाही. काड्या भाजणाऱ्या बाई काड्या उलटत राहिल्या. तो उठला. दुसऱ्या फेरीत त्यानं पोरियरला खाली घेतलं आणि वर बसून कोपरानं बडवलं. तिसरी फेरी सुरू होते न होते तोच मागून चिकटला, उभ्या माणसाच्या पाठीवर चढला, पाय कमरेला आवळले आणि हात गळ्याखाली सरकवला. पोरियरनं थोपटलं, म्हणजे हार मानली. एक मिनिट दोन सेकंद. या पकडीला इथे ‘माता-लेआँव’ म्हणतात, सिंह मारणारी. गल्लीत फटाके फुटले, कुत्री सैरावैरा.

त्या गोंधळात मी मोबाइलवरची क्लिप वडिलांना पाठवली. कोल्हापुरात रविवारचे अकरा वाजलेले. पाच मिनिटांत फोन. “आरं, त्यो पैल्यांदाच चित झाला की! पंच काय झोपलावता व्हय?”

त्यांना काय समजावणार? मलाच अजून कळलं नव्हतं.

पुढे कळलं ते असं. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये पाठ टेकणं ही हार नाही, ती एक जागा आहे. मित्सुयो मायेदा नावाचा जपानी जुदोपटू गेल्या शतकात ब्राझीलला येऊन बेलें शहरात स्थिरावला, त्याच्याकडून ग्रेसी घराण्यानं विद्या घेतली आणि अंगानं हलक्या माणसानं खाली पडल्यावर काय करायचं यावरच अख्खं शास्त्र उभं केलं. पाठीवर झोपायचं, समोरच्याला दोन पायांच्या कात्रीत धरायचं आणि तिथून त्याचा हात, मान, घोटा, जे हाताला लागेल ते पिळायचं. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे या पिंजऱ्यातल्या लढतींची अमेरिकेतली मोठी स्पर्धा, झाली तेव्हा रॉयस ग्रेसीनं याच बळावर आपल्यापेक्षा धिप्पाड माणसं थोपटायला लावली. कुस्तीत डाव जिथे संपतो तिथे यांचा सुरू होतो.

आणि शार्लिसला पाठीवर पडून राहण्याची सवय लहानपणापासूनची होती, तीही दवाखान्यात. जन्म १७ ऑक्टोबर १९८९, इथलाच. सातेक वर्षांचा असताना हृदयात दोष आणि हाडांचा संधिवात असं निदान झालं. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला, चालणंही अवघड होईल म्हणाले. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो जिउ-जित्सूच्या तातामीवर, म्हणजे चटईवर गेला. आईवडिलांनी जाऊ दिलं. माझा त्यांना मनापासून नमस्कार. माझ्या मुलाला साधा दमा आहे तर त्याची आई त्याला पावसात फुटबॉलला जाऊ देत नाही.

२००८ साली साओ पावलोत त्यानं एका रात्रीत तीन लढती जिंकून व्यावसायिक खातं उघडलं. विसाव्या वर्षी यूएफसी. १ ऑगस्ट २०१०, पहिली लढत, डॅरेन एल्किन्सचा हात ४१ सेकंदांत पिळला. लोक म्हणाले, हा पोरगा उद्याचा विजेता.

तो उद्या यायला जवळजवळ अकरा वर्षं लागली.

मधल्या काळाबद्दल इथे फारसं कोणी आपणहून बोलत नाही. मी बारवाल्याला विचारलं तर त्यानं आधी ग्लास पुसले, मग सांगितलं. जिम मिलरकडून हरला, सेरॉनीकडून हरला. वजनगट खाली आणला, ६६ किलोच्या गटात गेला, तिथे वजन उतरवता येईना, पुन्हा पुन्हा काट्यावर नापास. स्वॉन्सन, एडगर, हॉलोवे, पेटिस, लामास, सगळ्यांकडून हरला. हॉलोवेविरुद्धची २०१५ची लढत तर दोन मिनिटंही टिकली नाही, मान-खांद्याला दुखापत म्हणून थांबली, आणि मग लोकांनी एक शिक्का मारला: दाब आला की हा सोडून देतो. डिसेंबर २०१७ मध्ये पॉल फेल्डरकडून मार खाल्ला तेव्हा यूएफसीतल्या हारींचा आकडा आठ झाला होता. आपल्याकडे अशा पहिलवानाला वस्ताद सांगतात, बाबा रे, आता शेती बघ.

बदललं काय? एक म्हणजे त्यानं शरीराशी भांडण सोडलं आणि ७० किलोच्या गटात परत आला. दुसरं, साओ पावलोत दिएगो लिमाच्या ‘शूट बॉक्स’ तालमीत त्याचे ठोसे आणि गुडघे सुधारले. जमिनीवर तो आधीच विषारी होता, आता उभ्यानेही मारू लागला. समोरच्याची मोठी पंचाईत. उभं राहावं तर मार, खाली जावं तर गळा. जून २०१८ पासून तो जिंकत सुटला. मार्च २०२० मध्ये ब्राझिलियाला केव्हिन लीला थोपटायला लावलं ते रिकाम्या स्टेडियममध्ये, कोविड नुकताच आलेला. त्या लढतीत ठोशांचा आवाज नुसता ऐकला तरी पोटात कालवतं.

१५ मे २०२१, ह्यूस्टन, मायकेल चँडलर, आधीचा विजेता खबीब यानं निवृत्त होऊन सोडलेला पट्टा. पहिल्या फेरीत चँडलरनं त्याला पाडून असा बडवला की मागच्या शिक्क्यावर विश्वास असणाऱ्यांनी टीव्ही बंद केला असेल. दुसऱ्या फेरीच्या १९व्या सेकंदाला चँडलर संपला होता. यूएफसीतली ती त्याची २८वी लढत. पट्ट्यापर्यंत पोचायला इतक्या लढती त्याआधी कोणालाच लागल्या नव्हत्या.

वजनाचा विषय निघालाच आहे तर माझ्या धंद्यातलं सांगतो. जहाजातल्या साखरेचं वजन आम्ही जहाज पाण्यात किती बुडालं त्या खुणा वाचून काढतो. चाळीस हजार टनांत शंभरेक टन इकडेतिकडे झाले तर कोणी हूं की चूं करत नाही. मे २०२२ मध्ये फीनिक्सला जस्टिन गेथजीशी लढायच्या आदल्या दिवशी शार्लिस काट्यावर चढला. मर्यादा १५५ पौंड, काटा १५५.५. तासभर वेळ दिला, पुन्हा १५५.५. अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, पावकिलोसुद्धा नाही. साध्या लढतीत एक पौंडाची सूट असते, पट्ट्याच्या लढतीत नसते. पट्टा गेला. हॉटेलमधला सरावाचा काटा बिघडलेला होता अशी ओरड झाली. इथे गल्लीत तर तो काटा मुद्दाम बिघडवला याबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. माझं व्यावसायिक मत विचारलं, मी सांगितलं की काटा कोणाचाही असो, आपण आपली खात्री दोनदा करायची. त्यानंतर आठवडाभर मला बारमध्ये चिऊ कोणी म्हटलं नाही.

पण त्या लढतीत मला कळायचं ते कळलं. गेथजीसारखा दांडगा ठोसेबाज. त्यानं शार्लिसला पाडलं. पाठीवर पडलेला, डोकं भणभणलेला माणूस समोर. कुठलाही लढवय्या अशा वेळी अंगावर झेप घेतो. गेथजी दोन पावलं मागे सरला आणि ऊठ म्हणाला हातानं. पडलेल्या माणसाच्या जवळ जायची त्याची हिंमत होईना. शार्लिस उठला आणि पहिल्याच फेरीत मागून गळा धरून त्यानं गेथजीला थोपटायला लावलं. पट्टा मिळाला नाही, कारण नियमानं तो फक्त गेथजीच जिंकू शकत होता. मग माइक घेऊन तो म्हणाला, विजेत्याला नाव आहे, चार्ल्स ऑलिव्हेरा. ते वाक्य आता इथे टी-शर्टवर मिळतं.

नंतरचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अबू धाबीला इस्लाम माखाचेव्हनं त्याला त्याच्याच विद्येत, जमिनीवर हरवलं. ती हार मला स्वतःला लागली, का कोण जाणे. एप्रिल २०२४ मध्ये सारुक्यानविरुद्ध निसटता निकाल विरुद्ध गेला, नोव्हेंबरमध्ये चँडलरला पुन्हा हरवलं. जून २०२५ मध्ये तोपुरियानं पहिल्याच फेरीत झोपवलं. यावेळी खरंच झोपवलं, शुद्ध हरपली. थोपटायला लावून जिंकण्याचा यूएफसीतला विक्रम त्याच्या नावावर आहे, पण त्या रात्री बारमध्ये कोणी विक्रमांबद्दल बोललं नाही. वय ३५, आता बास, असं बारवाल्यानंच म्हटलं आणि टीव्ही फुटबॉलवर लावला.

साडेतीन महिन्यांनी, ११ ऑक्टोबर २०२५ ला तो रिओत आपल्या माणसांसमोर उतरला. समोर पोलंडचा मातेउश गॅमरॉट, मुळातला कुस्तीगीर. मी यावेळी वडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं, नातवानं त्यांना मोबाइलवर लावून दिलं. कोल्हापुरात सकाळ, म्हशीचं दूध काढून झालेलं. दुसऱ्या फेरीत शार्लिसनं मागून पकड टाकली, गॅमरॉटनं थोपटलं, आणि आमच्या गल्लीत पुन्हा कुत्री पळाली.

फोन आला. वडील थोडा वेळ बोललेच नाहीत. मागे म्हैस हंबरत होती.

“त्या पोराला हनुवटी छातीला लावायला कुणी शिकवलं न्हाई का रं?” ते म्हणाले. “मान उघडी टाकली म्हंजे असंच हुणार.” मग जरा थांबून, “आन् त्यो तुझा पिवळ्या केसाचा, त्याचं कान बघितलास का? मोडल्यात. माझ्यासारखं.”