जड जिभेची सबब

12 जुलै, रविवार, रात्र

उपासना सुटल्यावर पावसात भिजलेल्या ढिगातून चपला शोधत होते, तेवढ्यात पाळकसाहेबांनी गाठलंच.

"सलाम ताई. सरकारी इस्पितळात एक आज्जी आहेत, गोकाककडच्या. कमरेचं हाड मोडलंय. त्यांच्या मंडळीच्या लोकांना एवढ्या लांबून रोज येणं जमत नाही. बुधवारी जाऊन प्रार्थना करून याल?"

"साहेब, माझं कन्नड म्हणजे बाजारातलं. भाव विचारण्यापुरतं."

"मग भाव विचारून या की," म्हणाले आणि हसत दुसऱ्यांकडे वळले. पुढचं बोलायला वावच नाही.

बेळगावात ही सबब पक्की चालते. मराठी शाळेत शिकलेली बाई, बसची पाटी न वाचता कंडक्टर ओरडतो त्यावरून चढणारी. कन्नड येत नाही म्हटलं की कुणी उलट विचारत नाही, वर मान डोलावतात. 1956 पासून या गावात भाषेवरून इतकं झालंय की त्या आडोशाला माझ्यासारखी एखादी सहज लपून जाते.

खरं कारण साहेबांना ठाऊक नाही. सहा वर्षांपूर्वी खानापूरला एका मयताच्या घरी मला प्रार्थना करायला सांगितलं होतं. "तुझ्या या सेवकाला तू आपल्याजवळ बोलावून घेतलंस" असं म्हणत मी नाव घेतलं ते थोरल्या मुलाचं. तो समोरच बसला होता, धडधाकट. मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि आमेनपर्यंत कशीबशी पोचले. त्या दिवसापासून चारचौघांत तोंड उघडलेलं नाही.

14 जुलै, मंगळवार

अकरा ब्लाऊज शिवायचे अंगावर आहेत. दुपारी हातशिलाई करता करता लेकीला पवित्र शास्त्रातल्या निर्गमचा तिसरा आणि चौथा अध्याय मोठ्यानं वाचायला लावला. कान मोकळे असतात ना.

जळत्या झुडपासमोर 80 वर्षांचा मोशे अनवाणी उभा आहे आणि लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडव म्हणणाऱ्या देवाला कारणं सांगतोय. मी कोण असा मोठा? तर मी तुझ्याबरोबर असेन. त्यांनी तुझं नाव विचारलं तर? नाव सांगितलं. त्यांचा विश्वासच बसला नाही तर? तुझ्या हातात ते काय आहे, काठी ना, टाक खाली. बरं, पण मी बोलण्यात जड, जिभेचा जड. माणसाला तोंड कुणी दिलं? चारही वेळा उत्तर मिळालं, तेही न चिडता. विचारण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मोशे म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देवाचा राग भडकला तो इथं, आधी नाही. आणि रागातसुद्धा काय सांगितलं, तर तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघालाच आहे.

लेकीला म्हटलं, इथं थांब जरा. माझं कन्नड चौथ्यातलं की पाचव्यातलं?

"पाचव्यातलं," ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली. आईशी बोलायची ही रीत.

भीतीवरचे संदेश मला फारसे पचत नाहीत. 'भिऊ नको' हे पवित्र शास्त्रात 365 वेळा लिहिलंय, दिवसाला एक, असं व्यासपीठावरून किती वेळा ऐकलंय. एका उन्हाळ्यात मी खरंच मोजायला बसले होते. तेवढे भरत नाहीत, जवळपासही जात नाहीत. आणि भरले असते तरी काय? मला गिदोन जवळचा वाटतो, मिद्यानांपासून इस्राएलाला सोडवायला देवानं निवडलेला. बआल या परक्या देवाची वेदी त्यानं पाडली, पण रात्री. घरच्यांना आणि गावाला भिऊन. दहा गडी सोबत घेऊन. पुढं मिद्यानांच्या छावणीकडे जायचं तर देवच त्याला म्हणतो, एकट्याला भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला घेऊन जा. आणि हा पठ्ठ्या पुराला घेऊन गेला! म्हणजे भीती होतीच. ती जाईपर्यंत थांब असं देवानं म्हटलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानातली मेजवानीची गोष्ट मात्र टोचते. बोलावणं आलं तर एकानं शेत घेतलंय, दुसऱ्यानं बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. तिघांतला एकही थापा मारत नाही. माझ्याही सबबी अशाच. गुडघा खरंच दुखतो, अकरा ब्लाऊज खरंच पडलेत. पूर्वी रिक्षाच्या भाड्याचीही एक होती. जून 2023 पासून सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, तेव्हा तीही गेली.

लेक इंग्रजी शाळेतली, तिचं कन्नड चांगलं आहे. उद्या चल म्हटलं. तोंड वाकडं केलं, पण चल म्हणाली.

15 जुलै, बुधवार

तिसऱ्या गेटापासून बस धरली. पोटात नुसता गोळा. इस्पितळाच्या जिन्यात लेक म्हणाली, "आई, गळ्यातली टेप काढ की." मापाची टेप तशीच गळ्यात घालून मी अख्खं गाव ओलांडून आले होते.

वॉर्डात आज्जीच्या उशाशी कुणी नव्हतं, नातू औषधं आणायला गेलेला. लेकीनं पाच मिनिटं बोलून ओळख करून दिली, तेवढ्यात सिस्टरनं तिला कसलीशी चिठ्ठी देऊन खाली पिटाळलं. गेला माझा अहरोन.

"कन्नड स्वल्प स्वल्प," मी म्हणाले.

"इरलि बिडव्वा," आज्जी म्हणाल्या. असू दे गं. आणि डाव्या हाताकडे बोट केलं.

सलाईनचा हात सुजला होता आणि चोळीची बाही दंडात रुतली होती. खणाची चोळी, हातानं शिवलेली, बारीक धावदोरा. सिस्टर सकाळपासून बाही कापूया म्हणत होती, आज्जी कापू देईनात. हे मला न बोलता कळलं, कारण कात्री दिसताच त्यांनी हात छातीशी घेतला. मी मान हलवली. कापत नाही, उसवते, हे बोटांनी करून दाखवलं. पर्समध्ये दोरा तोडायची लहान कात्री असतेच. खाकेकडून सुरुवात करून एक एक टाका तोडला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. दंडावर शिवणीचा लाल वळ उठला होता, तो हळूहळू फिका पडला. उसवलेली बाही दोन सेफ्टी पिनांनी सैल धरून ठेवली. कापड कुठंही फाटलं नाही. घरी गेल्यावर कुणीही पुन्हा शिवेल.

मग प्रार्थना. हात धरला आणि मराठीत सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला आठवलं की मी आज्जींचं नाव विचारलंच नाही. तोच गोळा, तीच खानापूरची बैठक. थांबले. किती वेळ थांबले कोण जाणे. दुसरं काही सुचेना म्हणून प्रभूची प्रार्थनाच धरली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटलं, आणि पलीकडून बारीक आवाज आला, "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये..." मी एक ओळ मराठीत, त्या एक कन्नडमध्ये. वेग जुळेना. माझी भाकरीची ओळ आधी आली, त्यांची मागून. आमेन तेवढं एकदम झालं.

डोळे उघडले तर लेक दारात दोन चहाचे कप घेऊन उभी. तिनंच नाव विचारलं. ते इथं लिहीत नाही.

परतताना बसमध्ये मनात आलं, 1820 साली लंडन मिशनचे टेलरसाहेब बळ्ळारीहून बेळगावात आले, तेव्हा त्यांना इथली कोणती भाषा कितपत येत असेल? मराठी? कन्नड? त्यांच्याही तोंडून काय काय चुकीचं निघालं असेल. लेक म्हणाली, खिडकी लाव, पाऊस आत येऊलाय.

19 जुलै, रविवार

साहेबांनी पुढच्या बुधवारचं विचारलं. हो म्हणाले, आणि म्हणताक्षणी पोटात परत गोळा. तो काही जायचा दिसत नाही.

लेकीनं माझ्या मापाच्या वहीत मागच्या पानावर कन्नड प्रभूची प्रार्थना देवनागरीत उतरवून दिलीय. 'एणिसल्पडलि' या शब्दाला जीभ अडतेच. मशीन चालवताना म्हणून बघते, पायाच्या तालावर तीन तुकडे करून.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी ब्लाऊज न्यायला आल्या. वही उलटी पडलेली, त्यांनी उचलून वाचली.

"एणि-सल्प-डलि? हे कुणाचं माप गं?"