तुम्ही विचारलंत म्हणून: जॉब साइटला पैसे भरावेत का?

मी पुण्यात रिक्रूटर आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी विचारतंच, अहो त्या जॉब साइटला पैसे भरून काही होतं का हो? बहुतेकांना मी नको म्हणतो.

मुळात या साइटचं मोठं गिऱ्हाईक आम्ही, तुम्ही नाही. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे आणि त्यांची मुख्य कमाई कंपन्यांकडून आणि कन्सल्टन्सीवाल्यांकडून होते, आम्ही रेझडेक्स म्हणजे त्यांचा रेझ्युमेंचा डेटाबेस बघायला पैसे मोजतो. त्यात उमेदवार शोधताना मी फिल्टरमध्ये काय टाकतो तर जावा, स्प्रिंग बूट अशी स्किल्स, ४ ते ६ वर्षं अनुभव, पुणे, नोटीस पिरियड महिन्याच्या आत आणि प्रोफाईल अलीकडे अपडेट केलेलं. आता तुमचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर तुम्ही फास्टफॉरवर्डचं, म्हणजे नोकरी डॉट कॉमच्या उमेदवारांसाठीच्या पेड सेवेचं, कुठलंही पॅकेज घ्या, माझ्या लिस्टमध्ये तुम्ही येतच नाही, मग वर दिसायचा प्रश्नच कुठे. आणि राजीनामा दिला असेल तर लास्ट वर्किंग डे टाका ना, फुकट आहे, त्याने जेवढे कॉल येतात तेवढे पैसे भरून येत नाहीत. दर आठवड्याला प्रोफाईल जरा अपडेट करणंही फुकटच.

हां, फिल्टरमध्ये बसत असाल आणि एकाच जागेला शेकड्याने अर्ज असतील तर वर दिसण्याचा थोडा फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण पैसे देऊन लिहून घेतलेला रेझ्युमे मात्र नकोच, सगळे एकाच साच्यातले, 'रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल' वाचलं की आम्ही थेट खाली स्किल्सवर जातो.

लिंक्डइन प्रीमियमचं वेगळं आहे. फ्रेशर असाल तर सोडून द्या, तुमच्याच कॉलेजचे सीनियर शोधून त्यांना मेसेज टाका. पण दहा-बारा वर्षं अनुभव आहे, फील्ड बदलायचंय किंवा दुबई-जर्मनीकडे बघताय आणि तिथे ओळखीचं कोणी नाही, तर महिन्याला मिळणाऱ्या ५ इनमेलमधून, म्हणजे ओळख नसलेल्यालाही पाठवता येणाऱ्या मेसेजमधून, थेट हायरिंग मॅनेजरला लिहिता येतं. ते लिहिताना 'डिअर सर, प्लीज फाइंड अटॅच्ड' नको, त्यांच्या टीमचं काम वाचून चार ओळी लिहा. पहिला महिना बहुधा फ्री मिळतो, तोही नोकरी शोधायला खरंच बसाल तेव्हाच चालू करा, आणि लगेच मोबाईलमध्ये कॅन्सल करायचा रिमाइंडर लावा, कारण कार्डातून पैसे आपोआप कटतात.