शेवटच्या वाक्यापेक्षा पाकीट बघा

'द जिंक्स' ही एचबीओची २०१५ सालची माहितीपट मालिका गाजली ती शेवटच्या काही सेकंदांमुळे. मुलाखत संपवून रॉबर्ट डर्स्ट, म्हणजे खुनांचा संशय असलेला न्यूयॉर्कचा धनिक, बाथरूममध्ये जातो, अंगावरचा माइक चालूच असतो आणि तो स्वतःशी पुटपुटतो, "मी काय करून बसलो? सगळ्यांना मारलं, अर्थातच." पुढे खटल्याच्या निमित्ताने त्या ध्वनिमुद्रणाचा पूर्ण उतारा बाहेर आला आणि कळलं, की वाक्यं या क्रमाने नव्हतीच. 'मारलं' आधी होतं, 'काय करून बसलो' बऱ्याच नंतर, आणि मध्ये तुटक बडबड. संकलनाच्या टेबलावर दोन टोकं जोडली गेली होती.

वाईट याचं वाटतं, की त्याची गरजच नव्हती. खरा पुरावा मालिकेत त्याआधीच येऊन जातो. डिसेंबर २०००मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुझन बर्मन या लेखिकेचा खून झाला, तेव्हा पोलिसांना एक निनावी पत्र आलं होतं: अमुक पत्त्यावर प्रेत आहे. पाकिटावर 'बेव्हर्ली हिल्स'च्या स्पेलिंगमध्ये एक 'ई' जास्त. डर्स्टने १९९९मध्ये बर्मनला पाठवलेल्या पाकिटावरही तशीच मोठी अक्षरं आणि तीच चूक. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवलेली दिसतात, बस्स. ते पत्र आपणच लिहिलं होतं हे डर्स्टच्या बाजूने २०१९मध्ये मान्य झालं, आणि २०२१मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं.

म्हणून सत्यघटनांवरचे माहितीपट बघताना कागद, पाकीट, फोनच्या नोंदी, तारीख असलेली पावती दिसली की मागे जाऊन पुन्हा बघावं. संगीत चढायला लागलं की कान टवकारावेत. जोडकाम पकडणं तसं अवघड नाही. महत्त्वाचं वाक्य ऐकू येताना बोलणाऱ्याचा चेहरा पडद्यावर आहे का? त्या जागी ड्रोनमधून दिसणारं शहर, फिरणारी टेप किंवा नुसते हात असतील, तर तिथे सांधा असण्याची शक्यता मोठी. हेडफोन लावले तर कधी कधी वाक्याच्या मधोमध खोलीतला पंख्याचा किंवा एसीचा आवाज बदललेलाही कळतो. प्रत्येक सांधा लबाडीचाच असतो असं नाही, बरेचसे खाकरणं-अडखळणं काढायला असतात. पण कबुलीजबाबाच्या मधोमध सांधा आला तर शंका घ्यायलाच हवी.

दुसरा प्रश्न, कॅमेऱ्याला आत कुणी घेतलं? 'द स्टेअरकेस' या अमेरिकेतल्या पत्नीहत्येच्या खटल्यावरच्या मालिकेच्या फ्रेंच चमूला बचावपक्षाने आपल्या बैठकांत बसू दिलं, त्यामुळे २००४पासून वाढत तेरा भागांची झालेली ही मालिका बरीचशी बचावाच्या बाजूने दिसते. त्यात तिच्या संकलिकेचे आणि मायकल पीटरसन या आरोपीचे पुढे प्रेमसंबंध होते, हे मालिकेत कुठेच सांगितलेलं नाही. दिग्दर्शक म्हणतो, कामावर परिणाम झाला नाही. झाला नसेलही, पण प्रेक्षकाला सांगायला काय हरकत होती? तरी ही मालिका मी वरच्या रांगेत ठेवतो. सरकारी प्रयोगशाळेच्या रक्ततज्ज्ञाची साक्ष दिशाभूल करणारी होती म्हणून २०११मध्ये न्यायाधीशांनी फेरखटला मंजूर केला. ती साक्ष कशी उभी राहिली आणि कशी कोसळली, हे इतक्या सावकाशीने दुसरीकडे क्वचितच दिसतं. शेवटी २०१७मध्ये तडजोड झाली: गुन्हा कबूल नाही, पण शिक्षा होण्याइतका पुरावा सरकारकडे आहे एवढं मान्य.

आपल्याकडे प्रश्न आणखी नाजूक, कारण इथे खटला चालू असतानाच मालिका येते. शीना बोरा खून खटल्यातल्या आरोपी इंद्राणी मुखर्जी यांच्यावरची नेटफ्लिक्सची मालिका फेब्रुवारी २०२४मध्ये सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयात अडवायचा प्रयत्न केला. न्यायाधीशांनी ती आधी पाहिली, स्थगितीला नकार दिला आणि २९ तारखेला ती प्रदर्शित झाली. निर्णय योग्यच वाटतो. फक्त बघणाऱ्याने आरोपी आणि दोषी यांतला फरक विसरू नये.

हिंदी-मराठी रहस्यमालिकांवर माझा मोठा राग कबुलीवर आहे. साहेब दोन थपडा लावतात, आरोपी सगळं ओकतो, संगीत वाजतं, केस संपली! पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी १८७२च्या कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. चालतो तो फक्त वस्तू सापडून देणारा तुकडा. 'कोयता विहिरीत टाकलाय, दाखवतो' एवढं ग्राह्य. 'त्या कोयत्यानेच मी मारलं' हा पुढचा भाग गळतो. म्हणून दोन पंच, मेमोरेंडम पंचनामा (आरोपीचं हे निवेदन पंचांसमोर लिहून घेणं), मग विहिरीवर जाऊन जप्ती, मुद्देमालाला लाखेचं सील, आणि नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण. यातल्या प्रत्येक पायरीवर नाट्य आहे: पंच फितूर होतो, सील तुटलेलं निघतं, विहीर सगळ्या गावाला आधीच माहीत असते. लेखक ते सोडून नार्को टेस्टकडे धावतात. तीही २०१०पासून आरोपीच्या संमतीशिवाय करता येत नाही.

काल्पनिक रहस्यात माझी अट साधी. खुनी पहिल्या एक तृतीयांशात दिसलेला असावा, त्याला चार वाक्यं मिळालेली असावीत आणि निर्णायक धागा तपास अधिकाऱ्याबरोबरच आपल्यालाही दिसलेला असावा. सातव्या भागात अचानक जुळा भाऊ आणणं ही फसवणूक आहे. भागही सहा पुरतात. पंजाबीतली 'कोहरा' पहिल्या पर्वात सहाच भागांत आटोपली आणि पोलिसांच्या घरातली भांडणंही तिने तपासाइतकीच नीट सांगितली. ती डब केलेली बघू नका, बोलीची अर्धी चव जाते.

रहस्य आधी फुटू द्यायचं नसेल तर दोन गोष्टी टाळा. एक, प्रत्येक भागाआधीची उजळणी. दुसऱ्या भागातलं एखादं किरकोळ दृश्य सहाव्या भागाआधी पुन्हा दाखवलं, की धागा तोच. दुसरी, कर्णबधिरांसाठीची सबटायटल्स, गरज नसेल तर. अंधारातल्या अनोळखी आवाजापुढे ती कधी कधी बोलणाऱ्याचं नावच छापून मोकळी होतात. सेटिंगमध्ये साधी सबटायटल्स वेगळी दिली असतील तर ती निवडा.