कार्ड 23 आणि 24: रायट अॅक्ट नि फेडरल केस

कायदा-कोर्टातून आलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांची या महिन्यात दोनच कार्डं झाली, पण दोन्ही लिहिताना जाम मजा आली.

23 म्हणजे 'रीड द रायट अॅक्ट', कुणाला तरी कडक शब्दांत झापणं. यातलं 'रीड' कुठून आलं हे मला कधीच कळत नव्हतं. तर हा ब्रिटनचा खराखुरा कायदा, 1714 चा, लागू झाला 1 ऑगस्ट 1715 ला. बारा किंवा जास्त माणसं गोंधळ घालत जमली की मॅजिस्ट्रेटने तिथेच उभं राहून राजाच्या नावाने पांगायचा हुकूम मोठ्याने वाचायचा, शेवटी 'गॉड सेव्ह द किंग' म्हणायचं, आणि तासाभरानंतरही जे हलले नाहीत त्यांना फाशीसुद्धा होऊ शकायची! म्हणजे वाचणं हाच कायद्याचा गाभा होता, मग 'रीड'च येणार ना. कायदा 1973 ला रद्द झाला, पण आई अजूनही खोली आवरली नाही म्हणून पोरांना रायट अॅक्ट वाचते.

24, 'डोन्ट मेक अ फेडरल केस आउट ऑफ इट', म्हणजे एवढ्याशा गोष्टीचा मोठा खटला करू नको. हा पक्का अमेरिकन, मी आधी चुकून ब्रिटिश खोक्यात टाकला होता, आता हलवलाय. तिकडे बहुतेक भांडणं राज्याच्या कोर्टात जातात, फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टाचं दार सहज उघडत नाही. दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांचा साधा दावा असेल तर रक्कम 75,000 डॉलरच्या वर लागते, 1789 च्या कायद्यात ती 500 होती. मग कुणी तुमचा डबा खाल्ला म्हणून तुम्ही तासभर तणतणलात की समोरचा हे म्हणणारच.

माझ्या मते फरक इथे आहे: रायट अॅक्ट चिडलेल्याचं काम सांगतो, फेडरल केस चिडलेल्याला गप्प करते, म्हणून तिच्या आधी बहुतेक वेळा 'नको' असतं. आपला 'पंचनामा' पहिल्या जातीचा, 'सगळ्यांसमोर माझा पंचनामा केला' म्हणतोच की आपण. दुसऱ्या जातीला 'राईचा पर्वत करू नको' आहे पण त्यात कोर्ट नाही, आणि मला कोर्टवालाच हवाय. 'एवढ्यासाठी फासावर चढवणार का' हा आत्तापर्यंतचा सगळ्यात जवळचा, कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलाय.

पुढचं कार्ड थर्ड डिग्री. मराठी पेपरात ती पोलिसांची मारहाण, इंग्रजी घरात मात्र नुसता प्रश्नांचा भडिमार. तुमच्या घरात 'उलटतपासणी' कशी वापरतात, अख्खं वाक्य पाठवा, नुसता शब्द नको.