नादारीच्या (दिवाळखोरीच्या) अर्जाआधी पाहा, सही कुठे केली आहे

धंदा बसला की सल्ला मिळतो, "दिवाळखोरी जाहीर कर, मोकळा हो." पण कर्ज कोणाच्या नावावर आहे हे कोणी विचारत नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

एकट्याच्या मालकीच्या दुकानाला उद्यम नोंदणी असो, जीएसटी क्रमांक असो, दुकानाचं देणं ते मालकाचंच देणं. भागीदारीतही ते भागीदारांच्या घरापर्यंत येतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) यांना कायदा वेगळी व्यक्ती मानतो. त्यांना 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते, थकबाकी किमान 1 कोटीची लागते. अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार नेमलेल्या नादारी-तज्ज्ञाच्या हाती जातो. याची तयारी फार थोड्यांची असते.

खरा घोळ हमीपत्राचा. बँक कंपनीला कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी घेते. कंपनीच्या देण्यांचा संहितेखालचा आराखडा मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं. संहितेतला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तोही कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच.

बाकीच्यांसाठी जुनेच कायदे: मुंबईत 1909 चा नादारी कायदा, अर्ज उच्च न्यायालयात, पुण्या-नाशिकला 1920 चा, अर्ज जिल्हा न्यायालयात. देणं 500 रुपयांचं असलं तरी 1920 च्या कायद्याखाली ऋणकोला (कर्जदाराला) अर्ज करता येतो. अर्जात प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) नाव, पत्ता, रक्कम आणि आपली सगळी मालमत्ता किमतीसह लिहायची. हातउसने दिलेला मित्रही धनकोच, त्याला वगळू नका.

नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे) जाते. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धर्मरूढीने स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारा दागिना असं थोडंच वाचतं. तारण ठेवलेलं घर वाचत नाही. तारणावर बँकेचा हक्क कायम राहतो.

सगळ्यात जास्त नुकसान अर्जाआधीच्या घाईत होतं. घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने केलं आणि दोन वर्षांच्या आत अर्ज झाला, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. मेहुण्याचे पैसे आधी फेडून टाकले, बाकीच्यांना ठेंगा, आणि तीन महिन्यांत अर्ज झाला, तर तेही उलटवता येतं. त्यातून हेतूवर संशय येतो आणि मुक्ततेचा, म्हणजे उरलेल्या देण्यातून सुटकेचा, आदेश अडतो.

हो, मुक्ततेचा आदेश वेगळा मागावा लागतो. नादार ठरवतानाच न्यायालय त्यासाठी मुदत देतं. ती चुकवली तर नादारीच रद्द होऊ शकते आणि धनको पुन्हा दारात. मालमत्तेतून रुपयामागे 50 पैसेही निघाले नाहीत, तर तसं का झालं आणि त्यात आपला दोष कसा नाही, हे पटवून द्यावं लागतं. म्हणून वह्या, बँकेचे उतारे, बिलं फेकू नका.

मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि पोटगी डोक्यावर राहतातच.